जेसीबीभोवतीची ग्रामसभा

एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, हे आम्हाला पाळण्यातच सांगितलं जातं. देशात आणखी काही गावं हाच दावा करतात म्हणे. पण त्यांच्याकडे पद्मालयाचा गणपती नाही आणि त्याच्या जवळच्या जंगलातलं भीमकुंडही नाही, म्हणून आम्ही त्यांचं मनावर घेत नाही. बकासुराची गोष्ट सांगताना सगळे घाईघाईने भीमापर्यंत पोचतात. त्याआधी गावाने काय नियोजन केलं होतं, त्याचं कौतुक कोणीच करत नाही. रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. पाळी ठरलेली, घर ठरलेलं. कोणी स्थगिती आणली नाही, ‘आमच्याच आळीला जास्त पाळ्या येतात’ म्हणून कोणी उपोषणाला बसलं नाही. शंभर टक्के लोकवर्गणीवर, शून्य थकबाकीत चाललेली अशी योजना पुढे महाराष्ट्रात झालीच नाही. फक्त ‘हे आपण देतो कशाला?’ एवढं विचारायचं राहून गेलं होतं. त्यासाठी बाहेरगावचं बिऱ्हाड यावं लागलं.

त्या योजनेची आठवण हल्ली फार येते, कारण जिकडेतिकडे लोकसहभाग सुरू आहे. परिपत्रकात आहे, बॅनरवर आहे, पंचायत समितीच्या जिन्यातल्या भिंतीवरही आहे. त्याच्यावर कोणी तरी पान खाऊन आपला सहभाग नोंदवला आहे. सरकारी पैशातून गावात होणारं काम गावाने ठरवावं, होताना गावाने बघावं आणि झाल्यावर गावाने सांभाळावं, असा त्याचा मथितार्थ. यातलं मधलं कलम, म्हणजे ‘बघावं’ हे, आम्ही कुठलाही जीआर निघण्याआधीपासून पाळत आलो आहोत.

खान्देशी माणसाला सार्वजनिक कामात रस नाही असं ज्याला वाटतं, त्याने आमच्याकडे एकदा जेसीबी आलेला बघावा. तो गल्लीच्या तोंडाशी वळतो न वळतो तोच रिटायर्ड गुरुजी हजर. हातातला पेपर आता वाचण्यासाठी नसतो, डोक्यावर धरण्यासाठी असतो. दळणाचा डबा सायकलला लावून निघालेला एक जण एक पाय जमिनीवर टेकून ‘दोन मिनिटं’ थांबतो, आणि त्या घरी त्या दिवशी खिचडी होते. मग रिक्षावाले जिभाऊ, शाळेला निघालेली पोरं, नातवाला कडेवर घेतलेले आबा. बकेट खाली गेली की सगळ्यांच्या माना खाली, वर आली की वर. सल्ले सुरू होतात. ‘जरा डावीकडे घे, भाऊ.’ ‘तिकडे नको, तिकडून नळाची लाइन गेली आहे.’ ऑपरेटरच्या कानात गाणी असतात. लाइन फुटते, कारंजं उडतं, आणि ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य सहा जण एकदम बोलतात. सहाही जण खरंच तसं म्हणालेले असतात.

ग्रामसभेचा कोरम कायद्याने मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जो कमी असेल तो. हा आकडा ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जेसीबी असावा. तिथे कोरम पंधरा मिनिटांत भरतो, कोणी भत्ता मागत नाही, कोणी मध्येच उठून जात नाही. त्या गर्दीत खोदकाम कळणारे चार गवंडी असतात, पाइपलाइन कळणारे दोन प्लंबर असतात, पैशाचा व्यवहार कळणारे तर सगळेच असतात. फक्त एक गोष्ट होत नाही. ‘या कामाचं इस्टिमेट किती आणि त्यात खोली किती धरली आहे?’ असं कोणी विचारत नाही. तेवढं विचारलं असतं तर तीच गर्दी ग्रामसभा झाली असती. विचारलं जात नाही, म्हणून ती फक्त गर्दी राहते.

खरं तर विचारण्याचीही गरज पडू नये. कामाच्या जागी माहिती फलक लावायचा असतो. कामाचं नाव, निधी कुठल्या योजनेतला, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोष दायित्व कालावधी. यातला शेवटचा शब्द उच्चारायला जड आहे, पण फार गुणी आहे. त्या काळात रस्ता उखडला तर तो ठेकेदाराने पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा. मात्र हा फलक बहुधा काम संपल्यावर, फोटोपुरता, आणि उंचापुऱ्या माणसालाही टाचा उंचावून वाचावा लागेल अशा जागी उगवतो. दुसरा फलक ग्रॅनाइटचा. तो भूमिपूजनाचा. त्याच्यावर शुभहस्ते कोण, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख उपस्थिती कोणाची आणि गरिमामय उपस्थिती कोणाची, हे सोनेरी अक्षरांत असतं. रक्कम मात्र शोधावी लागते. खासदार निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला आणि २०११-१२ पासून तो वर्षाला पाच कोटी आहे. त्यात खासदारांनी काम सुचवायचं, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाने करायची. पैसा तुमच्याआमच्या खिशातला. ग्रॅनाइटवर तुमचंआमचं नाव घालायला जागा नसते, हे समजण्यासारखं आहे. लोक फार आहेत.

माहितीचा अधिकारही आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, हे बहुतेकांना माहीत असतं. पण २००५ च्या त्या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क दिला आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. हे मी एकदा चहाच्या टपरीवर सांगितलं. टपरीवाले आप्पा म्हणाले, ‘नमुना मागाले अर्ज कसाले करो? पायानं घासा, हातमा येस.’

इतकं सगळं हाताशी असताना माणसं विचारत का नाहीत? आळस म्हणाल तर भर उन्हात तीन तास उभी राहणारी ही माणसं. भीती म्हणाल तर आता बकासुर नाही. पण ठेकेदार कोणाचा तरी शालक असतो. सरपंच भाऊबंदकीतले असतात, आणि येत्या वैशाखात त्यांच्याकडे लग्न असतं. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण त्यांच्याकडून आपल्याला लागणारा दाखला लागतोच. पुतण्याचं घरकुल यादीत असतं. अशा वेळी सिमेंटचं प्रमाण विचारणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून वरणाला फोडणी कमी आहे म्हणण्यासारखं वाटतं. शिवाय आपणही काही धुतल्या तांदळाचे नसतो. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजायची असते, तोवर गोणपाट टाकून त्याच्यावर पाणी मारत राहायचं असतं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी त्यावरून ट्रॅक्टर जातो, आणि तो जेसीबी बघायला आलेल्यांपैकीच एकाचा असतो.

आता खऱ्या ग्रामसभेकडे येऊ. वर्षाला किमान चार सभा घ्यायच्या. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर या दिवशी ती हमखास असते. ध्वजवंदन झालं की पोरांना गोळ्या आणि मोठ्यांना ग्रामसभा. पोरं गोळ्या घेऊन पळतात. मोठी माणसं गोळ्या न घेताच पळतात. मग सभा कोरमअभावी तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तिला कोरम लागत नाही. कायदा करणाऱ्यांना माणसाच्या स्वभावाची किती जाण होती ते इथे दिसतं. काही गावं म्हणूनच पहिल्या सभेचा खटाटोप नुसता नावाला करतात.

सभेचं प्रोसिडिंग हा मराठी गद्याचा एक उपेक्षित प्रकार आहे. ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ ही चर्चा कोणी केली, साधक कोण होता आणि बाधक कोण, याचा पत्ता लागत नाही. सूचकाला आपण काय सुचवलं हे ठाऊक नसतं आणि अनुमोदक त्या दिवशी सुरतला असतो. रजिस्टर मात्र दुसऱ्या दिवशी घरोघर फिरतं. ग्रामसभेला गाव जात नाही, म्हणून ग्रामसभाच गावाला जाते. ‘सही कशावर?’ असं विचारणारा माणूस गावात संशयी गणला जातो.

समित्या तर मुबलक. २००३ साली जागतिक बँकेच्या मदतीने जलस्वराज्य प्रकल्प आला. त्यात पाणीपुरवठा समिती, महिला विकास समिती आणि खर्चावर डोळा ठेवायला सामाजिक लेखापरीक्षण समिती. योजना आपली वाटावी म्हणून दहा टक्के लोकवर्गणी गावाने भरायची. कल्पना अगदी रास्त. पण कित्येक ठिकाणी लोकवर्गणी वेळेत, एकरकमी आणि लोकांना न कळता भरली गेली, अशी कुजबुज तेव्हा होती. इतकी उदार माणसं गावात कोण, हे पुढे बिलं निघाली तेव्हा लक्षात आलं. मग २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी जलजीवन मिशनची घोषणा झाली. माणशी रोज ५५ लिटर, घरोघर नळ. आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत दहा ते पंधरा जण, त्यांत निम्म्या बायका. पाणी तपासायचं किट वापरायला गावातल्या पाच बायकांना शिकवायचं. माझ्या ओळखीच्या एका वहिनींना आपण समितीवर आहोत हे रेशनच्या दुकानात कळलं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘हो, मागेच घेतलं तुला. बैठकीला मी जातो ना!’

कागदावर सगळं चोख आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणत गाव स्वतःचा आराखडा करतं, तो पोर्टलवर चढतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२१ ते २०२६ च्या, पैशातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेले होते. कोणीही मोबाइलवर आपलं गाव काढावं आणि कुठलं काम, किती रक्कम, ते बघावं. दिवसभर मोबाइलवर दुसऱ्याच्या लग्नातले नाच बघणाऱ्या देशात हे अवघड नाही. पण मी हे सुचवलं तेव्हा एका तरुणाने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘काका, त्याच्यात खाली स्क्रोल करायला मजा नाही येत.’

नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांची गंमत वेगळीच. शेजारच्या खेड्यातल्या शेतकऱ्याला वर्षाला चार ग्रामसभा. हद्दीच्या या बाजूला घर असलं की एकही नाही. तिथे क्षेत्रसभा असावी, अशी तरतूद महाराष्ट्रात २००९ साली कायद्यात आली आणि बहुतांशी कायद्यातच राहिली. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी कामं सुचवावीत आणि ती महापालिकेच्या अंदाजपत्रकात यावीत, असा उपक्रम आहे. त्याचं मूळ ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात. तिथे १९८९ मध्ये वस्तीवस्तीतल्या लोकांनी एकत्र बसून गटार आधी की रस्ता आधी हे ठरवायला सुरुवात केली. गटार आधी की रस्ता आधी यावर आमच्याकडेही एकमत आहे. आधी रस्ता. मग तो फोडून गटार.

पण म्हणून आमच्या लोकांना हिशेब कळत नाही असं कोणी समजू नये. त्यांनी हिवाळ्यात शेतातली भरिताची पार्टी बघावी. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याच्या भाकरी. वर्गणी माणशी समान. वांगी कोणी आणली, किती किलो, काय भाव लागला, हे सगळ्यांना तोंडपाठ. ‘तेलाचा डबा पंधरा किलोचा होता, कढई एवढीच, मग उरलेलं तेल गेलं कुठे?’ हा प्रश्न जेवणाआधी येतो. तो विचारणाऱ्याला कोणी विरोधी पक्षाचा म्हणत नाही. मिरची कमी पडली तर आचाऱ्याला तोंडावर सांगतात, आणि आचारी सख्खा मेहुणा असला तरी सांगतात. सामाजिक लेखापरीक्षण म्हणतात ते हेच. इथे ते आपोआप होतं, कारण भरीत बिघडलं तर तोंड प्रत्येकाचं भाजतं.

आमच्या खान्देशाला हे मर्म पूर्वीपासून ठाऊक होतं. धुळे जिल्ह्यातल्या पांझरेवर आणि पलीकडे नाशिककडच्या मोसम, आरम या नद्यांवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर काही शतकं फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात एका वेळी एकच पीक; यंदा इथे ऊस, तर दुसऱ्या फडात हंगामी पीक, पुढे फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. पावसाळ्याआधी पाट साफ करायला घरटी माणूस यायचा. आणि यातली खरी मेख अशी की, शेतकऱ्याची जमीन बहुधा एकाच फडात नसायची. प्रत्येक फडात त्याची एकेक पट्टी असायची. त्यामुळे वरच्या फडाने पाणी अडवलं तर खालच्या फडातली आपलीच पट्टी वाळणार. पाटाच्या तोंडाशी बसलेल्याला शेपटाकडच्याचं दुःख भाषणातून समजावून सांगावं लागत नव्हतं. ते त्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर होतं.

नंतर वरच्या अंगाला धरणं झाली, बंधारे सरकारी झाले, आणि हवालदार म्हटलं की लोकांना पोलीस आठवायला लागला. मग सरकारच्या लक्षात आलं की शेतकऱ्यांनी पाणी स्वतः सांभाळलेलं बरं. त्यासाठी ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ आला. हे नाव एका दमात वाचून होईपर्यंत पांझरेकाठच्या जुन्या पाटकऱ्याने एका पट्टीचं पाणी उरकून पुढची बारी धरली असती.

फडाचं शहाणपण एवढंच, की ज्याच्यापर्यंत पाणी सर्वांत शेवटी पोचतं, त्याचा शब्द कारभारात चालला पाहिजे. आमच्या आजच्या समित्यांत नेमकं उलट असतं. समितीतली बहुतेक घरं टाकीच्या सावलीत. तिथे नळ सोडला की बादली उडते. असा सदस्य ‘योजना उत्तम चालू आहे’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. त्याच्या अंगणातून दिसतं तेवढं तो सांगतो.

आमच्याच भागातल्या एका गावातली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण तिथे माझी सासुरवाड आहे आणि मला अजून तिकडे जेवायला जायचं आहे. नळयोजना पूर्ण झाल्याचा ठराव ग्रामसभेत यायचा होता. सभा रीतसर तहकूब होऊन पुन्हा भरली होती. सरपंच, ग्रामसेवक, शाखा अभियंता, ठेकेदाराचा माणूस आणि चहाची किटली, एवढे हजर होते. ‘गावातील सर्व कुटुंबांना नळजोडणी’ हे वाक्य वाचून झालं, आणि दारात मोठी माय येऊन उभी राहिली. मोठी माय म्हणजे सगळ्या गावाची मोठी माय. घर गावाबाहेर पडता पडता डाव्या हाताला, अगदी शेवटचं. ती आली होती निराधाराच्या पगाराची चौकशी करायला. ‘सर्व कुटुंबांना’ एवढंच तिच्या कानावर पडलं.

ती म्हणाली, ‘सर्वांमा मी शे का?’

‘आहे ना मोठी माय, यादीत तुमचं नाव आहे.’ ग्रामसेवकांनी रजिस्टर फिरवून दाखवलं.

‘माले वाचता येत नही, भाऊ. नळ कोठे शे, तो दखाडा.’

या प्रश्नाला कुठल्याच परिपत्रकात उत्तर नव्हतं. सरपंच म्हणाले, ‘बसा, चहा घ्या.’ मोठी माय म्हणाली, ‘चहा घेसू, पन पानी मना घरनं टाका.’ अभियंत्यांना हसू आलं, आणि हसल्यामुळे त्यांना उठावं लागलं. टेप घेऊन ते निघाले. मागे ग्रामसेवक, त्यांच्यामागे ठेकेदाराचा माणूस फोन लावत. एवढी सरकारी मंडळी पायी चाललेली बघून गाव बाहेर पडलं. तिथलेही गुरुजी आले, जिभाऊ आले, तिथलाही दळणाचा डबा थांबला. ही जेसीबीवाली गर्दीच होती, फक्त आज तिला कोणी तरी पुढे होऊन चालवत होतं. पाइप सापडला. तो मोठ्या मायच्या घराच्या अलीकडे दोन घरं सोडून थांबला होता, आणि त्याचं तोंड लाकडाच्या खुंटीने बंद केलेलं होतं. मग ज्यांनी आजवर फक्त माना खालीवर केल्या होत्या, त्यांना कंठ फुटला. इस्टिमेटमध्ये लांबी किती? मोजणी कोणी केली? मोजमाप पुस्तकात काय लिहिलंय? बिल किती गेलं आणि किती बाकी? हे प्रश्न त्यांना आधीपासून येत होते. फक्त पहिला विचारणारा कोणाचा शालक, साडू किंवा लाभार्थी नसावा लागतो. आणि मोठ्या मायला आता कोणाकडून काही मिळायचं राहिलं नव्हतं. पगाराची चौकशी ती करायची, पण आशा तिने सोडलेली होती.

त्या दिवशी प्रोसिडिंगात ‘सर्वानुमते’ लिहिता आलं नाही. ग्रामसेवकांनी बराच वेळ पेन धरून विचार केला आणि शेवटी ‘एका महिला ग्रामस्थाने हरकत घेतली’ असं लिहिलं. गावाच्या रजिस्टरमधलं ते पहिलं खरं वाक्य असावं. उरलेला पाइप पंधरवड्यात पडला. मोठ्या मायला समितीवर घ्यायचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली: अंगठा घ्यायला घरी यायचं नाही, बैठकीला बोलवायचं. तेव्हापासून तिथे बैठका होतात. मोठी माय फार बोलत नाही. प्रत्येक कामाला एवढंच विचारते, ‘ते कोठलगून जास? कोना दारशी थांबस?’

आता त्या बाजूला नवा ठेकेदार आला की टपरीवर बसून पूर्वीसारखं सरपंच कोण आणि कोणाचा माणूस आहे, हे विचारत नाही. चहा सांगतो, इकडेतिकडे बघतो आणि हळूच विचारतो, ‘भाऊ, या गावात शेवटचं घर कोणाचं आहे?’